मदत हवी आहे : प्रौढ वर्गातल्या सत्कारासाठी निवड कशी करावी?

८ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, आमच्या प्रौढ साक्षरता वर्गातले तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांचा सत्कार करायचा आहे. घोडं निवडीवर अडलंय. चाचणीचे गुण धरले तर लहानपणी थोडीफार शाळा पाहिलेलेच पुढे येतात. हजेरी धरली तर पाळीत काम करणारे मागे पडतात. मतदानही घेऊन पाहिलं, सगळी मतं सर्वांत बोलक्या माणसाला! सरसकट प्रमाणपत्रं देणारच आहोत, तेव्हा तो सल्ला नको. शिवाय काहींना मंचावर यायचंच नाही. या वयात अक्षरं गिरवतोय हे चारचौघांत कळायला नको म्हणून.

प्रत्येकाची पहिल्या आठवड्यातली वही जपून ठेवली आहे. तिच्यावरून प्रगती जोखायची तर नेमकं काय पाहावं? शिक्षक कोणत्या निकषावर निवडावा? आणि मंच नको म्हणणाऱ्यांचं कौतुक कसं करावं?