मावशीचं दुर्बिणीतून ऑपरेशन करावं का? (गर्भाशयमुखाचा कॅन्सर, स्टेज २बी)

बार्शीकर: मावशी ५४ वर्षांची, पाळी कधीच गेली होती आणि आता परत अंगावरून जायला लागलं, बायोप्सीत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, एमआरआयमध्ये स्टेज २बी लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून पिशवी काढू, छोटी भोकं, लगेच घरी, काका लगेच तयार झालेत कारण पोट फाडायचं नाही. दुसरे म्हणतात ऑपरेशन नकोच, शेक (रेडिएशन) घ्या. काय करावं?

सिस्टर_सुलभा: दादा, २बी म्हणजे आजार मुखाबाहेर बाजूच्या भागात पसरलाय, मग भोकं की मोठी चीर हा प्रश्नच येत नाही. या स्टेजला रेडिएशन, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि शेवटी आतून शेक म्हणजे ब्रेकीथेरपी, हीच मुख्य ट्रीटमेंट. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनेच ६३५ बायकांवर ट्रायल केली होती, आधी केमो देऊन ऑपरेशन केलेल्यांपैकी ५ वर्षं आजाराविना राहिल्या ६९.३ टक्के आणि केमो-रेडिएशनवाल्या ७६.७. दुसरे डॉक्टर बरोबर सांगतायत.

मिलिंद_पुणे: दुर्बीण सरसकट वाईट नाही हं, पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर लवकर सापडला तर तीच चांगली. पण मुखाच्या कॅन्सरला अगदी लवकरच्या स्टेजलाही २०१८ च्या लॅक (LACC) ट्रायलमध्ये दुर्बीण आणि पोट उघडून ऑपरेशन यांची तुलना झाली, साडेचार वर्षांनी आजाराविना राहिल्या दुर्बीणवाल्यांत ८६ टक्के, पोट उघडून केलेल्यांत ९६.५.

बार्शीकर: मग दुर्बीण मोठ्या आजारात कधीच नाही का?

मिलिंद_पुणे: शेक देऊनही आजार ओटीपोटात मधोमधच परत आला तर मूत्राशय, गुदाशय सगळं काढायचं मोठं ऑपरेशन असतं, ते काही ठिकाणी दुर्बिणीने किंवा रोबोटने करतात, रक्त कमी जातं. पण खरं बघायचं ते हे की कडा साफ निघाल्या का, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर नाही ना. आणि नंतर शी-लघवीसाठी पोटावर बाहेरून पिशवी लावून जगायचं असतं, ते आधी घरच्यांना नीट सांगायला हवं.

वैशाली_के: माझ्या आईचं असंच झालं, शेकच घेतला. जुलाब आणि लघवीला जळजळ खूप झाली, सिस्प्लॅटिनच्या दिवशी सलाईन आणि पाणी भरपूर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) दर वेळी बघायचे. एक नक्की विचारा, ब्रेकीथेरपीचं मशीन तिथेच आहे का, कारण सगळी ट्रीटमेंट साधारण ८ आठवड्यांत संपायला लागते, मध्ये दुसऱ्या गावाला पाठवलं की दिवस वाया जातात. हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्या ताबडतोब, अंगावरून जातंय म्हणताय ना. आणि महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या योजनेच्या खिडकीवर विचारा, रेशन कार्ड घेऊन जा.