अनुभव धागा: तंत्रज्ञानाच्या धंद्यात ओळखी कशा जोडता, कशा राखता?

१९६२ साली इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली यांनी 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स' ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. काम करणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका, त्याही घरून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या. ग्राहक मिळवायला शर्लीबाई पत्रं पाठवत आणि उत्तरं येत नसत. पत्राखाली 'स्टीव्ह' अशी सही करायला लागल्या, तेव्हा भेटी मिळू लागल्या. नावाचा भाग सोडला, तरी अनोळखी पत्र न वाचता मागे पडतं आणि ओळखीतून गेलेलं उघडलं जातं, हे आजही तसंच आहे. ज्या जुन्या टीममधून, कॉलेजच्या गटांमधून या ओळखी आपसूक तयार होतात, तिथे बायका मुळात कमी. म्हणून ओळखी ठरवून जोडाव्या लागतात.

ज्या बायका सॉफ्टवेअर, हार्डवेअर, डेटा, सुरक्षा अशा क्षेत्रांत स्वतःचा उद्योग चालवतात, त्यांनी इथे लिहावं. प्रवासाची कहाणी नको. नेमकं काय करता, किती वेळा, कुठे बिघडतं आणि का, तेवढं सांगा.

बीटूबीवाली

ओळख मागण्याबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. "अमक्यांशी ओळख करून द्याल का?" एवढंच विचारलं की मधल्या माणसावर काम पडतं. तुम्ही कोण, तुम्हाला काय हवंय, समोरच्याने वेळ का द्यावा, हे सगळं त्याने लिहायचं. तो "रविवारी बघतो" म्हणतो आणि ते राहून जातं. म्हणून जसंच्या तसं पुढे पाठवता येईल असं पत्र आपणच लिहून द्यायचं. जुन्या संभाषणाला उत्तर म्हणून न पाठवता नवीन मेल करायची, नाहीतर खालचं सगळं जुनं बोलणंही पुढे जातं. साधारण असं:

"विषय: शीतगृहातल्या तापमान-नोंदींबद्दल २० मिनिटं. नमस्कार, औषधांच्या गोदामांसाठी आम्ही तापमान नोंदवणारं सॉफ्टवेअर बनवतो, सध्या ११ गोदामांत चालू आहे. तुमच्या सहकारी ऑडिट बघतात असं त्यांच्या भाषणात ऐकलं. ऑडिटर या नोंदींमध्ये सगळ्यात आधी काय तपासतात, एवढा एकच प्रश्न त्यांना विचारायचा आहे. पुढच्या दोन आठवड्यांत फोनवर २० मिनिटं पुरतील. जमणार नसेल तर तसं कळवा, काहीच हरकत नाही."

विषयाखाली पाच वाक्यं, कामाचा एक आकडा, एक प्रश्न. लिंक दिलीच तर एक. जोडपत्र नको.

मधल्या व्यक्तीने हे आधी समोरच्याला खाजगीत दाखवायचं आणि होकार आल्यावरच दोघींना एका मेलवर आणायचं. ओळख झाली की २४ तासांत उत्तर द्या, आभार मानून मधल्या व्यक्तीला बीसीसीमध्ये टाका, म्हणजे पुढच्या तारखा-वेळांच्या मेलमेलीतून तिची सुटका होते. आणि भेट झाल्यावर काय झालं ते तिला दोन ओळींत कळवा. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. दुसऱ्यांदा तिच्याकडे शब्द टाकायची वेळ येते तेव्हा ती आठवण आड येते.

अजून एक. ज्या गुंतवणूकदाराने तुम्हाला नाही म्हटलंय, त्याच्याकडे दुसऱ्या गुंतवणूकदाराची ओळख मागू नका. समोरचा पहिला प्रश्न विचारणार, "तुम्ही स्वतः का नाही पैसे घातले?" ज्या गुंतवणूकदाराला भेटायचंय त्याने आधी ज्या कंपनीत पैसे घातलेत, तिच्या संस्थापिकेकडून गेलेला शब्द सगळ्यात वजनदार.

सर्किटवाली

हार्डवेअरमध्ये ओळखीचा उपयोग फार रोकडा आहे. ०६०३ मापाच्या रेझिस्टरचं सात इंची रीळ ५,००० नगांचं येतं, ०४०२ चं १०,००० चं. पहिल्या लॉटला तुम्हाला लागतात ८००. चौघीपाचजणींनी मिळून सुटे भाग घेतले तर प्रत्येकीच्या कपाटात उरलेली रिळं साठत नाहीत. रेझिस्टर तसे स्वस्तच, खरा फायदा कनेक्टर, रेडिओ मॉड्यूल आणि महागड्या चिपांमध्ये.

पण वाटणी करताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली दमट हवा. एमएसएल ३ (चिप ओलाव्याला किती नाजूक ते सांगणाऱ्या) वर्गातली चिप सीलबंद पिशवीतून काढली की १६८ तासांत बोर्डावर बसवून भट्टीतून निघायला हवी. तिघींमध्ये पिशवी फिरली आणि ती कधी उघडली ते कुणी लिहिलंच नाही, तर आत शिरलेल्या ओलाव्याची भट्टीत वाफ होते आणि चिप आतून तडकते. बाहेरून काही दिसत नाही, दोन महिन्यांनी ग्राहकाकडे बंद पडते. पिशवी उघडल्याची तारीख आणि वेळ पिशवीवरच मार्करने लिहा, आर्द्रता दाखवणारं कार्ड आत ठेवा आणि शंका आली तर डेटाशीटमध्ये दिलेल्या तापमानाला भाजून घ्या. दुसरी गोष्ट कापलेली पट्टी. सुटे भाग बोर्डावर बसवणाऱ्या मशीनच्या फीडरला पुढे रिकामी पट्टी लागते, ती न ठेवता कापली तर सुरुवातीचे नग वाया जातात. मूळ रिळाच्या लेबलचा फोटो प्रत्येकीकडे हवा. लॉट नंबर नसेल तर दोष कुठून आला ते शोधता येत नाही.

बोर्ड जुळवून देणाऱ्या कारखान्याबद्दल इतर संस्थापिकांना विचारताना "चांगला आहे का?" असं विचारू नका, त्यावर "हो, बरा आहे" एवढंच मिळतं. हे विचारा: पहिल्या लॉटमध्ये शंभरातले किती बोर्ड नापास झाले? चाचणीचा जिग (बोर्ड बसवून तपासायचा साचा) कुणी बनवला आणि तो कुणाच्या मालकीचा? सांगितलेली तारीख किती दिवसांनी चुकली आणि ते तुम्हाला आधी कळवलं का? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून मला कारखाना सगळ्यात जास्त कळतो.

वहीवाली

१९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, ज्या व्यक्तीकडून कळलं तिला तुम्ही कितीदा भेटत होता? वारंवार भेटणारे १६.७ टक्के, अधूनमधून ५५.६, क्वचित २७.८. कारण साधं आहे. रोजच्या मैत्रिणींना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी लांबून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांच्या प्रयोगातही साधारण हेच दिसलं. त्यात एक बारकावा होता: अगदीच तोंडओळख फारशी कामाची नाही, मधली, थोडी पातळ ओळख सगळ्यात जास्त कामी येते.

अशा पातळ ओळखी डोक्यात राहत नाहीत, त्यांना वही लागते. एक साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने सात: नाव, कुठे भेटलो, सध्या काय करतात, त्यांना काय हवं होतं, मी काय कबूल केलं, शेवटचा संपर्क, पुढची तारीख. चौथा आणि पाचवा रकाना रिकामा असेल तर बाकीची नोंद म्हणजे नुसता पत्ता. ५० ते ६० नावांच्या पुढे जाऊ नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास, तारखेप्रमाणे वरची पाच नावं. ज्यांना काही पाठवण्यासारखं आहे त्यांना पाठवा, बाकीच्यांची तारीख पुढे ढकला. सणासुदीला सगळ्यांना एकच शुभेच्छा पाठवणं यात मोजू नका.

आणि ही वही स्वतःजवळ हवी. तंत्रज्ञानातल्या बायकांसाठीच्या विमेन हू कोड आणि गर्ल्स इन टेक या दोन्ही मोठ्या संस्था २०२४ मध्ये बंद झाल्या. ज्यांच्या ओळखी फक्त संस्थेच्या ग्रुपमध्ये होत्या, त्यांच्या हातचा तो धागा सुटला. कुठल्याही गटात सामील झालात की पहिल्या महिन्यातच ज्या तिघीचौघींशी खरं बोलणं झालं, त्यांचा थेट मेल त्यांना विचारून घ्या. लिंक्डइनमधून आपल्या संपर्कांची सीएसव्ही फाइल उतरवता येते. ती दर तिमाहीला उतरवून ठेवा.

टर्मशीट

गुंतवणूकदारांच्या प्रश्नांबद्दल. डाना कान्झे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या स्टार्टअप स्पर्धेतली प्रश्नोत्तरं तपासली होती. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांतले ६७ टक्के वाढीबद्दलचे ("किती मोठं होईल?"), बायकांना विचारलेल्यांतले ६६ टक्के धोक्याबद्दलचे ("आहेत ते ग्राहक टिकवणार कसे?"). धोक्याच्या प्रश्नाला बचावाचंच उत्तर देणाऱ्यांना पैसे कमी मिळाले. त्याच प्रश्नाला वाढीचं उत्तर देणाऱ्यांनी कित्येक पटींनी जास्त उभे केले.

याचा सराव एकटीने होत नाही, चौघी लागतात. एक सादर करते, एक प्रश्न विचारते, एक वेळ मोजते, आणि चौथी प्रत्येक प्रश्नापुढे 'वाढ' किंवा 'धोका' असं लिहीत जाते. धोक्याच्या प्रश्नाला एका वाक्यात सरळ, खरं उत्तर द्यायचं आणि दुसऱ्या वाक्यात वाढीकडे वळायचं. "महिन्याला शंभरातले दोन ग्राहक जातात, ते कोणते हे आम्हाला माहीत आहे. राहिलेले सहा महिन्यांत दुसरं मॉड्यूल घेतात, म्हणून बाजार आपण आज मोजतोय त्याहून मोठा आहे." पहिलं वाक्य गाळू नका. प्रश्न टाळला असं दिसलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

अशा गटाचा दुसरा उपयोग कलमं ताडून बघण्याचा. टर्मशीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा प्राथमिक कागद, गुंतवणूकदार दरमहा बघतो, आपण आयुष्यात दोनचार. कंपनी विकली गेल्यावर गुंतवणूकदाराने आधी पैसे परत घेण्याच्या हक्काचंच बघा. समजा (आकडे लाखांत धरा) कुणी २० घालून २० टक्के घेतले आणि कंपनी ५० ला विकली गेली. हक्क एकपट (घातले तेवढेच परत) आणि बिनसहभागी (उरलेल्यात वाटा नाही) असेल तर ते २० घेतात, बाकीच्यांना ३० उरतात. सहभागी असेल तर आधी २०, मग उरलेल्या ३० चे २० टक्के म्हणजे ६, असे २६ जातात आणि २४ उरतात. कागदावर फरक एका शब्दाचा. नवख्या संस्थापिकेला तो शब्द दिसतच नाही, जिने आधी सही केली आहे तिला पहिला दिसतो.

फक्त कागद गटात टाकू नका. टर्मशीट बहुतांशी बंधनकारक नसली तरी गोपनीयतेचं कलम आणि ठरावीक मुदतीत दुसऱ्यांशी बोलणी न करण्याचं कलम, ही दोन सहसा बंधनकारक असतात. नाव न घेता "अशा प्रकारचं कलम कुठे पाहिलंय का?" एवढं विचारा. पूर्ण कागद वकिलाकडे.

मंचावरची

परिषदेला जायचं तर श्रोता म्हणून जाऊन सगळ्यांना भेटत बसण्यापेक्षा पाच मिनिटांचं छोटं भाषण द्या. अनोळखी माणसांकडे जाऊन बोलणं ज्यांना जड जातं, त्यांच्यासाठी तर हाच मार्ग, कारण बोलून झाल्यावर लोक स्वतः येतात आणि विषयावरच बोलतात. शेवटच्या स्लाइडवर "याबद्दल मला हे माहिती हवंय" असा एक प्रश्न ठेवा. ज्याला उत्तर येतं तो थांबतो.

त्याच स्लाइडवरच्या क्यूआर कोडच्या चारही बाजूंना कोडातल्या चार बारीक चौकटींएवढी मोकळी जागा लागते. डिझाइनच्या नादात ती भरून टाकली की फोन कोड वाचत नाही. शेवटच्या रांगेतून स्वतः तपासा.

वक्त्यांपैकी पाचजणांना आठवडाभर आधी लिहा, दोघांचं उत्तर आलं तरी पुष्कळ. बोलणं संपल्यावर पुढच्या माणसाकडे जायच्या आधी फोनमध्ये तीन शब्द टिपा. संध्याकाळपर्यंत चेहरे एकमेकांत मिसळतात. पाठपुरावा ४८ तासांत.

'मार्गदर्शन' या नावाखाली रात्री उशिरा, एकटीला, हॉटेलवर बोलावणं आलं तर कारण द्यायची गरज नाही. "मी कामाच्या भेटी दिवसा, ऑफिसात किंवा फोनवर ठेवते, मंगळवारी ११ ला जमेल का?" एवढं लिहा. खरंच काम असणारा मंगळवारी ११ ला येतो.

दोन्हीकडची

वरच्या सगळ्याला अनुमोदन, एक भर. फक्त बायकांचा गट की सगळ्यांचा, हा वाद इथे नेहमी होतो. २०१९ मध्ये यांग, चावला आणि उझी यांनी एमबीए झालेल्या ७०० हून अधिक जणांच्या ईमेलच्या जाळ्याचा अभ्यास केला. वरच्या पदांवर गेलेल्या बायकांकडे दोन्ही होतं: सगळीकडे पसरलेल्या ओळखी, आणि दोनतीन बायकांचं घट्ट आतलं वर्तुळ. पुरुषांना त्या आतल्या वर्तुळाची तशी गरज दिसली नाही. हा अभ्यास नोकरीचा आहे, उद्योगाचा नाही, पण कारण इथेही लागू पडतं. कुठला ग्राहक बैठकीत फक्त पुरुष सहकाऱ्याकडे बघून बोलतो, कुठल्या कंपनीत बिलं अडकतात, ही माहिती उघड गटात कुणी लिहीत नाही. ती आतल्या वर्तुळातच मिळते. आणि त्या दोघीतिघी एकमेकींच्याच ओळखीतल्या नकोत, वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या हव्यात, नाहीतर तीच बातमी तीनदा ऐकू येते.

नवीन सभासद

दीड वर्ष काहीच संपर्क नाही आणि आता काम पडलंय, अशा व्यक्तीला कसं लिहावं? फार संकोच वाटतो.

वहीवाली

लांबलचक माफी मागू नका, ती वाचून समोरचीला उगाच तुमची समजूत काढावी लागते. पहिल्या ओळीत शेवटचं बोलणं: "दीड वर्षापूर्वी तुम्ही डेटाबेस बदलण्याबद्दल बोलला होतात." दुसऱ्या ओळीत त्याचं पुढे काय झालं: "तुमच्या सांगण्यावरून आम्ही आधी फक्त अहवालांचा भाग हलवला, ते बरं झालं." तिसऱ्या ओळीत काम, लपवाछपवी न करता. आधी नुसतं "कशा आहात?" पाठवून दोन दिवसांनी काम काढू नका, ते लगेच कळतं. आणि सल्ला पाळला नसेल तर तेही तसंच लिहा.