मदत हवी आहे: रात्रीच्या राणीच्या गाण्याची पट्टी, लय आणि भाव काय लिहू?

नमस्कार मंडळी,

फोंड्यात आमचा एक छोटा श्रवणगट आहे. महिन्यातून एकदा जमायचं, ऐकायचं, चहा प्यायचा आणि मनसोक्त भांडायचं. पुढची बैठक माझ्या गळ्यात पडली आहे. विषय, १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांसोबत पाठवलेल्या तबकडीवरची दोन ध्वनिमुद्रणं. पहिलं अर्थातच केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहां हो'. त्यांचं गाव केरी आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे तिथे मला तोंड उघडायची संधीसुद्धा मिळणार नाही. दुसरं, मोत्झार्टच्या 'मॅजिक फ्लूट' ऑपेरातलं रात्रीच्या राणीचं दुसऱ्या अंकातलं गाणं. गायिका एडा मोझर, म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेराचा वाद्यवृंद, संचालक वोल्फगांग झावालिश, मुद्रण १९७२ चं. घोडं इथे अडलंय.

आमच्याकडे प्रत्येक मुद्रणाचं एकपानी टिपण वाटतात: पट्टी, लय, भाव. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं, म्हटलं पटकन होईल. दोन ॲप्सना ऐकवलं. एक म्हणतं एफ मेजर, लय मिनिटाला ७० च्या आसपास. दुसरं म्हणतं डी मायनर आणि लय १४०. भावाच्या रकान्यात मात्र दोघांचं एकमत: 'आनंदी, उत्साही'! अहो, ही बाई पोटच्या पोरीच्या हातात खंजीर देऊन सांगते आहे की जाऊन माझ्या वैऱ्याला, झारास्ट्रोला मार, नाहीतर तू माझी मुलगीच नव्हेस. यात आनंदी काय आहे?

मग पेटी काढली. पांढरी दोनचा (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरला की सुरुवात चपखल बसते. पण पुढे ते उंचावरचे सुटे, टोचल्यासारखे स्वर येतात ना, तिथे सा पांढरी चारवर सरकल्यासारखा वाटतो. शिवाय सगळंच मुद्रण माझ्या पेटीपेक्षा केसभर चढं आहे.

तर पट्टी कोणती लिहू? लय ७० की १४०? आणि भाव म्हणून नुसतं 'रौद्र' लिहिलं तर चालेल का? आमच्या गटात नाट्यसंगीतावर कान तयार झालेली मंडळी आहेत, थातुरमातुर लिहिलं तर सोलून काढतील. 'गूगल करा' म्हणू नये, ते झालंय.

खर्जातला_सा:
पट्टी डी मायनर, म्हणजे तुमची पांढरी दोन. गाणं तिथेच सुरू होतं, तिथेच संपतं. ॲप फसलं कारण एफ मेजर आणि डी मायनरचे स्वर मुळात तेच, फक्त सा वेगळा. त्यात मधला मोठा तुकडा खरोखरच एफ मेजरमध्ये आहे. तुमच्या कानाने जे पकडलं ते बरोबर आहे, पांढरी चार. ॲप बिचारं सरासरी काढतं, त्याला कुठून निघालो नि कुठे परत आलो हे कळत नाही.

तुमच्या मंडळींना सांगायचं तर डी मायनरच्या भागात कोमल ग, कोमल ध आणि बऱ्याचदा शुद्ध नी लागतो, म्हणजे किरवाणीचे स्वर. पण किरवाणी राग म्हणू नका, फक्त स्वर. आणि तो सर्वांत उंच स्वर: मध्य सा पांढरी दोन धरला तर तार सप्तकाच्याही वरच्या सप्तकातला कोमल गंधार. पेटीवर शोधायला गेलात तर पट्ट्या संपत आलेल्या असतील.

पियानोवाली_मावशी:
लयीबद्दल. स्वरलिपीवर मोत्झार्टने 'अलेग्रो असाई' एवढंच लिहिलंय, म्हणजे चांगलंच जलद. आकडा नाही, कारण तो गेला १७९१ साली आणि मेट्रोनोमचं, म्हणजे लय मोजायच्या यंत्राचं, पेटंट १८१५ चं. चार मात्रांचा ठेका आहे. प्रत्येक मात्रा मोजली तर १४०, दोन-दोन मात्रांना एक टाळी दिली तर ७०. दोन्ही ॲप्स एकच गोष्ट सांगताहेत. तुम्ही '१४० च्या आसपास' लिहा, कारण शेवटाकडे वाद्यवृंद थबकतो आणि राणी सूडाच्या देवतांना 'ऐका, ऐका' म्हणून हाका मारते. तिथे कुठलाच आकडा लागू नाही.

चढेपणाचं म्हणाल तर जर्मनी-ऑस्ट्रियातले वाद्यवृंद ४४० हर्ट्झ या प्रमाण स्वरापेक्षा जरा वरच लावतात. उलट जुन्या पद्धतीची वाद्यं घेऊन मोत्झार्ट वाजवणारे बरेचदा ४३० ला लावतात. तसं मुद्रण लावलंत तर हेच गाणं पेटीच्या खाली जाईल. एरवी तबकडीवरून उतरवताना वेग चुकला असला तरी असंच होतं.

नांदीपासून_बसलेला:
भावाचा रकाना मला द्या. 'रौद्र' चुकीचं नाही, पण अपुरं आहे. नीट ऐका, तो गोड, लखलखीत एफ मेजरचा तुकडा कुठे येतो? 'तू माझी मुलगी राहणार नाहीस' या धमकीवर! सगळ्यात क्रूर वाक्याला सगळ्यात चमकदार सूर. ॲपला तो चमचमाट 'आनंदी' वाटला. मोझर ते सुटे स्वर अजिबात लाडिक करत नाही, एकेक टाचणी टोचावी तसे लावते. पहिल्या अंकात हीच राणी हरवलेल्या मुलीसाठी रडणारी आई म्हणून आलेली असते, हे टिपणात जरूर घाला, नाहीतर मंडळींना ती नुसती खलनायिका वाटेल. जाता जाता: १७९१ मध्ये व्हिएन्नात ही भूमिका पहिल्यांदा गायली योझेफा होफरने, मोत्झार्टच्या बायकोची थोरली बहीण. मेहुणीसाठी असलं गाणं लिहिणारा माणूस!

धागाकर्ती:
तिघांनाही मनापासून धन्यवाद. लिहिते: 'पट्टी पांढरी दोन (डी मायनर), मध्ये पांढरी चार, लय जलद, १४० च्या आसपास, शेवटाकडे मोकळी, भाव रौद्र, आईच्या धमकीचा.' आता शेवटचं, आधी कोण लावू? माझ्या मते केसरबाई आधी, म्हणजे सगळे वेळेवर येतील.

खर्जातला_सा:
अहो, भैरवीनंतर काही लावतात का? राणी आधी.