मदत हवी आहे: बाबा गेले, कंपनीत एकच संचालक उरला

कुंडईकर: बाबा गेल्याला महिना झाला. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. बँक म्हणते, नव्या संचालक मंडळाचा ठराव आणा, तोवर चेक पास होणार नाहीत. १८ कामगारांचे पगार चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) द्यायचे आहेत. मी संचालक कसा होऊ? लवकर सांगा.

फोंडेकर: प्रायव्हेट की पब्लिक? उरलेला संचालक कोण, असतो कुठे?

कुंडईकर: प्रायव्हेटच हो. काका. मस्कतला. चवथीला आठ दिवस येतात.

सत्तरीवाला: दोन स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेले बाहेरचे, घ्या, बँकेवर छाप पडते.

फोंडेकर: प्रायव्हेटला ते लागतच नाहीत, मुलाला घाबरवू नका. कुंडईकर, कंपनी कायदा २०१३, कलम १७४ बघा. मंडळाच्या सभेच्या गणपूर्तीला (किमान हजेरीला) दोघे लागतात, पण उरलेला एकटा संचालक दुसरा नेमण्यापुरतं काम करू शकतो. कंपनीच्या नियमावलीत (आर्टिकल्समध्ये) मंडळाला अतिरिक्त संचालक नेमायचा अधिकार आहे ना, तेवढं तपासा. तसे नेमले गेलात तर पुढच्या वार्षिक सभेत तुम्हाला कायम व्हावं लागेल. वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा एक संचालक हवाच. काका तिकडे, म्हणजे तुम्ही मंडळावर यायलाच हवं.

माडाखाली: आधी शेअरचं बघा. बाबांनी शेअरना नॉमिनी (नामनिर्देशित व्यक्ती) म्हणून आईचं नाव दिलं असेल तर शेअर तिचे, तीच संचालक.

फोंडेकर: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. वारसांची इन्व्हेंटरी (गोव्यातली कोर्टातून वारसांत वाटणी करायची प्रक्रिया) सावकाश होऊ द्या. संचालक व्हायला शेअर लागत नाहीत, नियमावलीत तशी अट नसली तर.

माडाखाली: आमच्या घरची इन्व्हेंटरी अजून चालू आहे, म्हणून सांगितलं. गोव्याच्या कायद्याने आईचा असलेला अर्धा वाटा आधी वेगळा लिहून घ्या.

म्हापशेकर: एवढा घोळ कशाला? बाबांची डिजिटल सही चालू असेल तर फॉर्म भरून टाका.

फोंडेकर: अजिबात नको! गेलेल्या माणसाची सही वापरणं गुन्हा आहे. काकांचीच लागेल. तुमचा डीआयएन (संचालक ओळख क्रमांक), डीआयआर-२ फॉर्मवर तुमची संमती, ठराव, मग ३० दिवसांत नेमणूक कळवणारा डीआयआर-१२ फॉर्म. बाबांच्या निधनाची नोंदही त्याच फॉर्मने होते. काकांच्या डिजिटल सहीचं टोकन (यूएसबी) कुठे आहे?

कुंडईकर: बाबांच्या खणात दोन सापडली. एकावर पट्टी चिकटवून बाबांनी काकांचं नाव लिहिलंय.

फोंडेकर: कॉम्प्युटरला लावून मुदत बघा. संपली असेल तर आज रात्रीच काकांना फोन करा, नवी काढायला त्यांची व्हिडिओ पडताळणी लागते.

कुंडईकर: मार्चमध्येच संपलीय. फोन लावतो.