रिनो सहल: पत्रकातला नावाचा परिच्छेद (आज रात्रीपर्यंत!!)

वैशाली:
मंडळी, नेवाडातल्या रिनो शहराच्या सहलीचं पत्रक आज रात्री छापायला जातंय. दुसऱ्या पानावरचा ‘रिनो नाव कसं पडलं’ हा परिच्छेद अडकलाय. मागच्या सहलीचा मजकूर तसाच घेऊ का? त्यात लिटल बिगहॉर्नच्या लढाईतल्या मेजर रिनोचं नाव आहे. सहा ओळींची जागा आहे. बसच्या सीटबद्दल इथे विचारू नये, ते सुधाकाका बघतात.

मिलिंद:
अजिबात नको. ती लढाई १८७६ ची, गाव त्याआधी आठ वर्षांचं. नाव जनरल जेसी रिनोचं. अमेरिकी यादवी युद्धातला उत्तरेकडच्या फौजेचा हा सेनापती १८६२ च्या सप्टेंबरात मेरीलंडमध्ये साउथ माउंटनच्या लढाईत मारला गेला. सेंट्रल पॅसिफिक रेल्वेवाल्यांनी वॉड्सवर्थ गावालाही असंच त्या युद्धात पडलेल्या सेनापतीचं नाव दिलं.

शुभदाताई:
मागचं पत्रक मी केलं होतं आणि तेव्हा कुणीही तक्रार केली नव्हती, एवढंच नोंदवते. बरं, जनरल घ्या. पण मायरन लेकला वगळू नका! ट्रकी नदीवरचा पूल १८६१ मध्ये त्याने घेतला आणि टोल लावला. व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींकडे जाणारा माल तिथूनच पार व्हायचा. जागेला लेक्स क्रॉसिंगच म्हणायचे. त्यानेच रेल्वेला जमीन दिली, अट एकच, स्टेशन इथे करा.

सुधाकाका:
म्हणजे जमीन एकाची आणि पाटी दुसऱ्याची. आमच्या वाड्यातही हेच झालं होतं, पण ते राहू दे. रेल्वेच्या चार्ल्स क्रॉकरने टोपीतून चिठ्ठी काढून नाव ठरवलं म्हणतात, ते लिहा. पोरं तेवढंच वाचतील. आणि वैशाली, सीटचे मेल मला येतच नाहीयेत.

मिलिंद:
टोपीची गोष्ट सांगोवांगीची. लिहायचीच तर ‘असं सांगतात’ घाला. पक्की तारीख ९ मे १८६८. त्या दिवशी रेल्वेने प्लॉट लिलावात काढले.

प्राची:
टोलवरून आठवलं, परतताना पुलाचा टोल कोण भरणार? मागच्या वेळी मी भरला, तो अजून मिळालेला नाही. आणि लेकच्या आधीही नदीकाठी वॉशो लोक राहत होते. काउंटीचं नाव त्यांचंच आहे. एक ओळ त्यांचीही हवी.

शुभदाताई:
सहा ओळीत किती कोंबणार? वॉशो पाहिजेत, पूल पाहिजे, टोपी काढा.

सुधाकाका:
टोपी काढली तर मी वाचणार नाही. जेवण स्पार्क्समध्ये ठेवलंय ना? तेही रेल्वेचंच गाव. १९०४ मध्ये रेल्वेने वर्कशॉप वॉड्सवर्थहून तिथे हलवलं आणि नाव दिलं तेव्हाचे गव्हर्नर जॉन स्पार्क्स यांचं. जिवंत माणसाचं नाव! वॉड्सवर्थ मात्र बसलं.

प्राची:
स्पार्क्सला शाकाहारी सोय आहे का? मुलांना पिझ्झाच हवाय.

वैशाली:
जेवणाचा धागा वेगळा आहे. अंतिम: वॉशो एक ओळ, लेक आणि पूल दोन, लिलाव एक, जनरल एक, टोपी अर्धी. उरलेल्या अर्ध्या ओळीत बस सुटायची वेळ. मिलिंद, नऊच्या आत पाठव. शुभदाताई, प्रूफ तुम्हीच बघा.

शुभदाताई:
बघते. जनरलचं आडनाव दीर्घ की ऱ्हस्व?