आईसाठी ईसीजीवालं घड्याळ सुचवा (बजेट ५ हजार)

रानवारा: आई ६७ वर्षांची, कराडला एकटी असते. बीपीची गोळी चालू आहे. हल्ली बीपी मशीनवर अनियमित ठोक्यांचं चिन्ह येतंय. विचारलं तर म्हणते, "मधेच धडधडतं, मग आपसूक थांबतं." ५ हजारांत ईसीजी काढणारं घड्याळ मिळेल का?

खडीसाखर: डोळे झाकून ॲपल घे. बाबांना दिलंय, एकदम झकास. ५ हजारांत फक्त पट्टा येईल म्हणा 😀

सदूभाऊ: मशीनचं काय घेऊन बसलात! आमचं तर घरातल्या सगळ्यांनाच ते चिन्ह दाखवायचं. सेल बदला.

रानवारा: सेल नवे आहेत हो.

मिसळप्रेमी: स्वस्त घड्याळातला हिरवा दिवा नुसती नाडी मोजतो, ईसीजी नाही. माझेही ठोके चुकायचे. चहा कमी केला, थांबले. काही नसतं.

निवृत्त_सिस्टर: मिसळप्रेमी, तुमचं वय काय नि त्यांचं काय! एखाददुसरा ठोका बहुतेकांचा चुकतो. पण नाडीला तालच नसेल तर एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त साकळतं, गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. धोका साधारण पाचपट. आईंना मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिट नाडी मोजायला सांगा, १५ सेकंद गुणिले ४ नको. डॉक्टरांकडे या आठवड्यातच न्या. धडधड चालू असताना ईसीजी मिळाला तर उत्तम, थांबल्यावर तो नॉर्मल येऊ शकतो. मग २४ तासांचं होल्टर (अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावतात. थायरॉइड, पोटॅशियमही बघतात.
चक्कर येऊन पडल्या, छातीत दुखलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर धाग्यावर विचारत बसू नका. १०८.

खडीसाखर: मी तेच म्हणतेय, धडधडतानाच ईसीजी हवा. ॲपल!

सदूभाऊ: तोवर ॲस्पिरिन सुरू करा. रक्त पातळ राहतं, स्वस्तही आहे.

निवृत्त_सिस्टर: अजिबात नको! या गुठळीला ॲस्पिरिन पुरत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. गोळी डॉक्टर ठरवतील.

मिसळप्रेमी: काकांना ॲसिट्रॉम आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी. सारखं आयएनआर तपासायचं, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते. काकूंनी पालक-मेथी घरातच येऊ देणं बंद केलंय. काका खूश.

निवृत्त_सिस्टर: पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वानं त्या गोळीचा परिणाम कमी होतो, पण म्हणून बंद नाही हो करायची, प्रमाण रोज सारखं ठेवायचं.

सदूभाऊ: मेथीत लोह असतं.

रानवारा: सगळ्यांचे आभार. आईला घड्याळ नकोच आहे, "रात्री चार्जिंगला कोण लावणार?" उद्या शेजारच्या ताई तिला फॅमिली डॉक्टरांकडे नेताहेत. होल्टर सांगितलं तर मी रजा टाकून जातोच. ५ हजारांतून जे उरतील त्यात तिला मिक्सर हवाय.

खडीसाखर: मिक्सर?? ॲपलवर सध्या एक्स्चेंज ऑफर आहे, बघ.

सदूभाऊ: मिक्सर ७५० वॉटचा घ्या. आमचा ५०० चा खोबऱ्याला दमतो.