चादरी-टॉवेलांचे तपशील डेटाबेसमध्ये कसे साठवावेत?

प्रश्न (अक्कलकोट रोड, सोलापूर)

आमच्या कारखान्यातील चादरी, टॉवेल आणि नॅपकिन यांचे सुमारे ६,००० तपशील पोस्टग्रेस या डेटाबेसमधील एकाच टेबलात, एका टेक्स्ट (साध्या मजकुराच्या) कॉलममध्ये, जेसन स्वरूपात, म्हणजे गुणधर्माचे नाव आणि त्याचे मूल्य अशा जोड्यांत, साठवलेले आहेत. चादरीसाठी ताण्या-बाण्याचे सूत आणि जकार्डचा (विणलेल्या नक्षीचा) नमुना नोंदवावा लागतो, तर टॉवेलसाठी जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन. गुणधर्म असे निराळे असल्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र कॉलम देणे त्या वेळी अव्यवहार्य वाटले होते. आता ४५० जीएसएमचे टॉवेल 'लाईक' (मजकुरात कोठेही तो तुकडा शोधणारी अट) वापरून शोधले, की ४५० रुपये दराच्या चादरीही यादीत येतात. माल, गुणधर्म आणि मूल्य अशा तीन कॉलमांचे टेबल करून प्रत्येक गुणधर्म वेगळ्या ओळीत ठेवावा, असे एका स्नेह्यांनी सुचवले आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर १

तीन कॉलमांची रचना मी स्वतः एकदा वापरली आहे आणि पुन्हा वापरणार नाही. चार अटींची साधी यादी काढण्यासाठी तेच टेबल स्वतःलाच चार वेळा जोडावे लागते, शिवाय मूल्याचा कॉलम एकच असल्यामुळे त्यात आकडे आणि शब्द दोन्ही मजकूर म्हणूनच राहतात; मजकुराच्या क्रमवारीत ९० हे ४५० पेक्षा मोठे ठरते.

मालाचा प्रकार, दर, वजन, जीएसएम यांसारख्या ज्या गोष्टी आपण रोज विचारता, त्यांना योग्य टाइपचे खरे कॉलम द्यावेत. टॉवेल नसलेल्या ओळींत जीएसएम नल (रिकामा) राहिला तरी काही बिघडत नाही. उरलेले गुणधर्म जेसनबी कॉलममध्ये ठेवावेत; पोस्टग्रेस त्यात जेसन मजकूर म्हणून न ठेवता फोड करून साठवते. हा टाइप २०१४ च्या ९.४ आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि त्यावर जिन इंडेक्स (शोध जलद करणारी एक प्रकारची सूची) करता येतो. मात्र हा इंडेक्स 'अमुक गुणधर्माचे मूल्य अमुक आहे का' अशा प्रश्नाला उपयोगी पडतो, '४०० ते ५०० च्या दरम्यान' अशा प्रश्नाला नाही, आणि जीएसएम बाहेर काढण्याचा आग्रह मी त्यासाठीच धरतो आहे.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु माहिती नव्या कॉलमांत हलवण्यापूर्वी मजकूर स्वच्छ करावा लागेल. आपल्याकडे एक जण '४५०' मराठी अंकांत लिहितो आणि दुसरा इंग्रजी अंकांत. जेसनमध्ये देवनागरी अंक संख्या म्हणून चालत नाहीत, आणि पूर्णांकात रूपांतर करताना पोस्टग्रेसही चूक दाखवते. म्हणून एका अक्षराच्या जागी दुसरे घालणाऱ्या ट्रान्सलेट फंक्शनने ते आधी बदलून घ्यावेत. अवतरणचिन्हांतील ४५० आणि संख्या म्हणून लिहिलेले ४५० ही जेसनबीच्या दृष्टीने वेगवेगळी मूल्ये आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरा घोटाळा डोळ्यांना दिसत नाही. 'पांढऱ्या काठाची' यातील ऱ्य काही कीबोर्ड ऱ आणि हलन्त असा लिहितात, तर काही र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात जुळत नाहीत. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १३ मध्ये आलेले, समतुल्य अक्षरक्रम एकाच रूपात आणणारे नॉर्मलाइझ फंक्शन येथे पुरत नाही, कारण युनिकोड या अक्षर-संकेतप्रणालीच्या नियमांनुसार हे दोन क्रम समतुल्य धरलेले नाहीत. रिप्लेस (शोधून बदलणाऱ्या) फंक्शनने आपणच एक रूप ठरवून घ्यावे लागते.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे आभार. तपासले असता 'पांढऱ्या' खरोखरच दोन प्रकारे लिहिलेले आढळले. आणखी एक शंका: काही तपशील गिऱ्हाइकांनी स्वतः पाठवलेले असून वाद उद्भवल्यास मूळ मजकूर जसाच्या तसा दाखवावा लागतो. जेसनबीमध्ये तो तसाच राहतो का?

उत्तर १

नाही. जेसनबी मोकळ्या जागा आणि कळींचा (गुणधर्मांच्या नावांचा) मूळ क्रम जपत नाही, आणि एकच कळ दोनदा आली असल्यास शेवटचे मूल्य तेवढे ठेवते. त्यामुळे सध्याचा टेक्स्ट कॉलम न पुसता तसाच राहू द्यावा आणि शोध नव्या कॉलमांवर घ्यावा. ६,००० ओळींसाठी जागेचा प्रश्न येणार नाही.